गतकूळ आणि परागंदा : सरकारजमा पैशाचा इतिहास व आपला सौसर-पांढुर्णा परिसर



स्मृतिव्याख्यानासाठी इतिहासाचा विषय घ्यावयाचा म्हटले की राजवंश, लढाया किंवा संतपरंपरा यांकडे मन आपोआप वळते. मी निवडलेला विषय त्या मानाने रूक्ष वाटेल. शासनाच्या खजिन्यात, न्यायालयाच्या ठेवखात्यात, टपाल कचेरीत, भविष्य निर्वाह निधीत आणि विम्याच्या दफ्तरात कोणी मागावयास न आल्यामुळे पडून राहिलेला पैसा, हा आजचा विषय आहे. या पैशाला आपण 'बेवारस' म्हणतो आणि आपले हिंदी भाषक शेजारी 'लावारिस' म्हणतात. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच : ज्याला वारस नाही असे. परंतु वारस नसणे आणि वारस असून तो न येणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. शासनसंस्थेने या दोहोंतील भेद केव्हा ओळखला, केव्हा विसरला आणि पुन्हा केव्हा मान्य केला, याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्या जुन्या गावगाड्याला हा भेद ठाऊक होता. दख्खनच्या गावांत एखादा मिरासदार दुष्काळाने वा कर्जाने गाव सोडून गेला, तर त्यास 'परागंदा' म्हणत. त्याची जमीन उपऱ्याकडे लावून दिली जाई. पण तो स्वतः किंवा त्याचा वंशज बऱ्याच वर्षांनी परत आला तरी त्याची मिरास बुडाली असे गाव मानीत नसे. ज्या घराण्याचा वंशच संपला, त्याच्या जमिनीस मात्र 'गतकूळ' म्हणत आणि तिची व्यवस्था गाव निराळ्या रीतीने लावी. नागपूर राज्यातील जमीनधाऱ्याची पद्धत दख्खनपेक्षा वेगळी होती, म्हणून हे चित्र आपल्या भागास जसेच्या तसे लावता येणार नाही. तथापि हे दोन शब्द आजच्या विवेचनास फार उपयोगी आहेत. खजिन्यात पडलेला पैसा गतकूळ आहे की परागंदा, हाच या साऱ्या इतिहासातील मूळ प्रश्न आहे.

१. तीन वर्षांची मुदत

धर्मशास्त्रकारांनी या प्रश्नाचा विचार बारकाईने केलेला आहे. ज्याचा धनी सापडत नाही असे द्रव्य राजाने तीन वर्षे राखून ठेवावे, त्या मुदतीत धनी आला तर त्यास द्यावे, त्यानंतर राजाने घ्यावे, असा मनुस्मृतीचा नियम आहे. हक्क सांगणाऱ्याने वस्तूचे रूप, संख्या इत्यादी खुणा पटविल्या पाहिजेत आणि खोटा हक्क सांगणाऱ्यास त्या वस्तूच्या किमतीइतका दंड व्हावा, असेही तेथे सांगितले आहे. आजच्या कचेरीत मागितले जाणारे ओळखपत्र, शपथपत्र आणि हमीपत्र यांचे मूळ तत्त्व यात स्पष्ट दिसते.

याज्ञवल्क्यस्मृतीत मुदत एका वर्षाची आहे. या स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास, अकराव्या शतकाच्या अखेरीस व बाराव्याच्या आरंभी होऊन गेला. त्याने या दोन मुदतींचा मेळ घातला. पहिल्या वर्षी धनी आला तर सर्व द्रव्य परत द्यावे. दुसऱ्या वर्षी बारावा, तिसऱ्या वर्षी दहावा आणि त्यापुढे सहावा भाग रक्षणाबद्दल ठेवून घेऊन बाकीचे द्यावे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे मुदत संपली तरी धन्याचा हक्क समूळ नाहीसा होत नाही. रक्षणाचा मोबदला तेवढा वाढत जातो. आपल्या प्रांतातील हिंदूंच्या वारसाहक्काचा कायदा शतकानुशतके मिताक्षरेवर चालला. त्याच ग्रंथात राजा हा अशा द्रव्याचा प्रथमतः राखणदार मानलेला आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

निर्वंश गेलेल्या माणसाच्या मिळकतीची गोष्ट वेगळी. ती राजाकडे जाई. मात्र ब्राह्मणाची मिळकत राजाने घेऊ नये असे स्मृतिवचन होते. १८६० मध्ये मच्छलीपट्टणच्या एका दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने हा अपवाद मानला नाही. वारस नसेल तर मिळकत सरकारची, मग मृत मनुष्य कोणत्याही वर्णाचा असो, असा निकाल झाला. गतकूळ मिळकतीपुरता राजाचा अधिकार अशा रीतीने निरपवाद झाला. तोच न्याय परागंदा मिळकतीला लावण्याचा मोह पुढे अनेकदा झालेला दिसतो.

२. राज्यच बेवारस ठरले

वारस आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती, मिळकतही त्याच्याच हाती, असे झाले म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्याच भूमीने पाहिले आहे. आपला परिसर पूर्वी देवगडच्या गोंड राज्यात होता. त्याच राजघराण्यातील बख्त बुलंद याने नागपूर वसविले. अठराव्या शतकाच्या मध्यास रघूजी भोसल्यांनी देवगडचे राज्य आपल्या सत्तेखाली आणले आणि सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा झाला.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक निवर्तले. लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा हक्क मान्य केला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केले. या धोरणाला इंग्रजीत दिलेले नाव 'लॅप्स' असे होते. म्हणजे वारसाअभावी हक्क सरकारकडे जाणे. राजवाड्यातील जडजवाहीर, हत्ती, घोडे, बैल यांचा लिलाव झाला आणि जनावरे सीताबर्डीवर विकली गेली. बांकाबाई व इतर राण्यांनी विरोध केला, अर्ज केले. पण राज्य परत मिळाले नाही. दत्तकपुत्र जानोजी यांस १८५७ च्या उठावानंतर 'राजे बहादुर' हा किताब व साताऱ्याकडील देऊर एवढेच काय ते मिळाले.

राजकीय अन्यायाची ही कथा सर्वपरिचित आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिच्यातील एकच सूत्र महत्त्वाचे. वारस दारात उभा होता, त्याची माणसे अर्ज घेऊन उभी होती, तरी कागदोपत्री तो 'नाही' असे ठरले. राज्य परागंदाही नव्हते. त्यास गतकूळ ठरविण्यात आले.

३. खजिन्यातील व्यपगत ठेव

१८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कोषागाराची, म्हणजे ट्रेझरीची, नवी शिस्त आली. सामान्य माणसाचा पैसा सरकारकडे अडकून राहण्याचे मार्ग याच काळात वाढले. फौजदारी खटल्यातील जामिनाची रक्कम, दिवाणी दाव्यात भरलेला पैसा, लिलावातून उरलेली रक्कम, ठेकेदाराची अनामत, हे सर्व ठेव म्हणून जमा होऊ लागले. १८६१ च्या पोलीस कायद्याने सापडलेल्या बेवारस मालाबद्दल जाहीरनामा काढून सहा महिने वाट पाहण्याची रीत घातली. १८७८ च्या निधी-निखात कायद्याने जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक केले. धनी न निघाल्यास ज्यास ते सापडले त्याचे तीन हिस्से व जमीनमालकाचा एक हिस्सा अशी वाटणीही त्यात सांगितली.

१८९४ च्या भूमिसंपादन कायद्याने आणखी एक मोठा मार्ग उघडला. रेल्वे, रस्ता किंवा तलाव यांसाठी जमीन घेतली आणि मोबदला कोणास द्यावा याविषयी तंटा असला, किंवा धन्याने तो घेण्यास नकार दिला, तर जिल्हाधिकाऱ्याने ती रक्कम न्यायालयात भरावी अशी तरतूद होती. भावाभावांच्या तंट्यात अडकलेला मोबदला असा न्यायालयात जाई. २०१३ च्या नव्या भूमिसंपादन कायद्यातही वादग्रस्त रक्कम प्राधिकरणाकडे भरण्याची रीत कायम आहे. पांढुर्ण्यावरून गेलेली नागपूर-इटारसी रेल्वे आणि सौसरवरून गेलेला नागपूर-छिंदवाडा रस्ता डोळ्यांसमोर आणला, म्हणजे या तरतुदीचा आपल्या परिसराशी असलेला संबंध सांगावा लागत नाही.

या ठेवींचे पुढे काय होते? ब्रिटिश काळापासून चालत आलेल्या कोषागार नियमांप्रमाणे तीन पूर्ण हिशेबी वर्षे कोणी न मागितलेली ठेव मार्चअखेर 'व्यपगत' होऊन सरकारी जमेत जाते. मनुस्मृतीतील तीन वर्षे आणि कोषागारातील तीन वर्षे यांचा मेळ योगायोगाचा असेल. पण तो चित्तवेधक आहे. त्याहून चित्तवेधक म्हणजे 'व्यपगत' यासाठीचा इंग्रजी शब्दही 'लॅप्स' हाच आहे, जो नागपूरच्या राज्याला लावला गेला होता. फरक मात्र मोठा आहे. व्यपगत झालेली ठेव मेलेली नसते. ती खरोखर जमा झाली होती, ती व्यपगत झाली आणि मागणारा तिचा हक्कदार आहे, एवढे सिद्ध झाले की लेखापालाच्या मंजुरीने ती परत देता येते. डलहौसीने राजास जे नाकारले, ते कोषागाराच्या नियमाने शेतकऱ्यास निदान कागदावर तरी दिले.

४. गिरणी, खाण आणि मजुराचा पैसा

विसाव्या शतकात या कथेत मजूर आला. नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली होती आणि तिने १९०१ मध्येच आपल्या कामगारांसाठी भविष्य निर्वाह निधी काढला. उत्तरेस पेंच खोऱ्यात कोळशाच्या खाणी निघाल्या. सौसरच्या आसमंतातील मँगनीजयुक्त खडकांना तर भूगर्भशास्त्रात 'सौसर' हेच नाव मिळाले. शेतीवर जगणारा हा परिसर गिरणी व खाण यांच्या मध्ये सापडला आणि हंगाम संपला की माणसे दोन्हीकडे जाऊ लागली.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अपघाती मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर कुटुंबास न देता आयुक्ताकडे भरावी असे ठरविले. हेतू चांगला होता : अज्ञान विधवेस कोणी फसवू नये. परंतु त्यामुळे पैसा कुटुंबाच्या ओसरीवर न येता कचेरीत गेला आणि कचेरीपर्यंत पोचणे हे काम कुटुंबावर आले. १९४८ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी आणि १९५२ मध्ये इतर कारखान्यांसाठी भविष्य निर्वाह निधीचे कायदे झाले. कल्याणाची प्रत्येक योजना म्हणजे एक नवे खाते, आणि खाते म्हटले की ते विसरले जाण्याचा संभव, असा हा क्रम आहे.

याच काळात मुंबईत एक महत्त्वाचा वाद उभा राहिला. १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्याने असे ठरविले की कामगारांनी तीन वर्षांत न नेलेले वेतन व इतर देणी मालकांनी कल्याण मंडळाकडे भरावीत. बॉम्बे डाइंग या गिरणीने त्यास आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५७ मध्ये न दिलेल्या वेतनाविषयीची ती तरतूद रद्द ठरविली. न्यायालयाची विचारसरणी मननीय आहे. मुदत संपल्याने वसुलीचा उपाय संपतो, ऋण संपत नाही. कामगाराने पैसा टाकून दिला असे केवळ काळ लोटल्यामुळे म्हणता येत नाही. आणि धन्यास शोधण्याची, त्यास सूचना देण्याची, त्याचा दावा ऐकण्याची काहीच सोय या कायद्यात नव्हती. अमेरिकेतील राज्यांच्या अशाच कायद्यांत ती सोय असल्याचे न्यायालयाने पाहिले होते.

त्या निकालानंतर कायदे सुधारण्यात आले. गुजरात राज्याच्या १९६१ च्या दुरुस्तीत कारखान्याच्या फलकावर व स्थानिक भाषेच्या वृत्तपत्रांत दर जून व डिसेंबरात, तीन वर्षेपर्यंत, सूचना देण्याची आणि आलेले दावे तपासण्याची व्यवस्था झाली. १९७४ मध्ये अंबिका मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. या दोन निकालांच्या मधल्या सतरा वर्षांत एक तत्त्व रुजले असे मला वाटते. शासनाने परागंदा पैसा जरूर सांभाळावा, परंतु आधी धन्याच्या नावाने, धन्याला कळेल अशा भाषेत हाक द्यावी.

५. १९५६ : एका वर्षात तीन बदल

आपल्या परिसराच्या दृष्टीने १९५६ हे साल निर्णायक ठरले. १७ जून १९५६ पासून हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला. मुलगी व विधवा यांना वारसाहक्कात नवे स्थान मिळाले आणि कोणताच वारस नसेल तर मिळकत शासनाकडे जाते हे कलम २९ मध्ये नमूद झाले. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २९६ मध्ये हे तत्त्व १९५० पासून होतेच. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि एकूण २४५ देशी-विदेशी विमा कंपन्या व भविष्य निर्वाह संस्था त्यात विलीन झाल्या. ज्याची पॉलिसी एखाद्या लहान कंपनीकडे होती, त्याच्या वारसाला त्या दिवसापासून नव्या नावाने दार ठोठवावे लागले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. तोवर मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौसर-पांढुर्णा छिंदवाडा जिल्ह्याबरोबर नव्या मध्य प्रदेशात राहिले. राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला गेले. बाजार, दवाखाना, सोयरीक आणि नोकरी मात्र नागपूरलाच राहिली. भाषिक अन्यायाची चर्चा आपण पुष्कळ केली. परंतु पैशाच्या कागदांवर या सीमेचा काय परिणाम झाला, याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही.

अशा पुनर्रचनेत ठेवींविषयीचा नियम असा असतो की, जी दिवाणी ठेव ज्या भागात भरली असेल, तिचे दायित्व त्या भागाच्या उत्तराधिकारी राज्यावर येते. ठेवीदार कोठे राहतो याला महत्त्व नाही. समजा, सौसरच्या एका शेतकऱ्याने १९५४ मध्ये नागपूरच्या न्यायालयात काही रक्कम भरली. तेव्हा नागपूर आणि सौसर एकाच राज्यात होते. दोन वर्षांनी त्या रकमेचे देणे मुंबई राज्यावर आणि १९६० नंतर महाराष्ट्रावर आले. तीच रक्कम छिंदवाड्यात भरली असती तर ती मध्य प्रदेशाची राहिली असती. शेतकरी आपल्या जागीच होता. त्याचा ऋणको मात्र दोनदा बदलला. अशा मनुष्याचा नातू आज चौकशीस निघाला तर पावतीवर कोणत्या कचेरीचा शिक्का आहे, हे पाहिल्यावाचून त्याचे पाऊल पुढे पडणार नाही. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौसर त्यात आले. त्यामुळे त्यापूर्वीच्या कागदांचा शोध छिंदवाड्याच्या नावानेच घ्यावयाचा, ही आणखी एक पायरी वाढली.

६. राखणदार की मालक?

स्वतंत्र भारताच्या कायद्यात हा लंबक बराच काळ हेलकावे घेत राहिला. १९७४ च्या दुरुस्तीने कंपन्यांचा न नेलेला लाभांश तीन वर्षांनंतर केंद्र सरकारच्या महसुलात जाऊ लागला. पण भागधारकास तो सरकारकडे मागता येत असे. १९९९ मध्ये गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीची तरतूद झाली, मुदत सात वर्षांची झाली, परंतु निधीत गेलेल्या रकमेवर कोणाचाही दावा चालणार नाही असे कायद्यानेच सांगितले. संरक्षणाचे नाव घेणाऱ्या निधीने धन्यालाच दार बंद करावे, ही विसंगती होती. २०१३ च्या कंपनी कायद्याने ते दार पुन्हा उघडले आणि २०१६ पासून दावे प्रत्यक्ष स्वीकारले जाऊ लागले.

बँकांच्या बाबतीत २०१४ मध्ये ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधी आला. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या या निधीत जाते. तथापि ठेवीदाराने आपल्या बँकेकडेच मागावयाचे, बँकेने द्यावयाचे आणि मग निधीकडून भरून घ्यावयाचे, अशी योजना आहे. या हक्कास कालमर्यादा नाही. २०१५ च्या वित्त कायद्याने ज्येष्ठ नागरिक कल्याण निधी निर्माण केला. अल्पबचत, भविष्य निर्वाह निधी इत्यादींतील दीर्घकाळ न मागितलेली रक्कम त्यात जाते, आणि विम्याचीही दहा वर्षांनंतर जाते. येथे मात्र निधीत जमा झाल्यापासून पंचवीस वर्षांत दावा न आल्यास रक्कम कायमची केंद्र सरकारची होते. परागंदा पैसा गतकूळ केव्हा ठरतो याचे उत्तर येथे तारखेत दिलेले आहे, म्हणून या निधीविषयी विशेष जागरूक राहिले पाहिजे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' हे संगणकीय दालन सुरू केले. त्यात अनेक बँकांतील अशा ठेवी नावावरून एकत्र शोधता येतात. २०२५ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात केंद्र शासनाने 'आपकी पूंजी, आपका अधिकार' ही मोहीम देशभर चालविली. गुजरातच्या त्या जुन्या दुरुस्तीतील फलकावरची सूचना आता एवढी मोठी झाली, असे म्हणता येईल.

७. नावाचा प्रश्न

शोध नावावरून घ्यावयाचा, आणि येथेच आपल्या सीमाभागाची खरी अडचण सुरू होते. आपल्या गावांचीच नावे पाहा. आपण 'सौसर' लिहितो, शासकीय हिंदीत 'सौंसर'. आपण 'पांढुर्णा' लिहितो, तिकडे 'पांढुर्ना'. हिंदीच्या लिखाणात 'ळ' नाही. म्हणून शाळेच्या दाखल्यावरचा काळे तहसिलीच्या कागदावर काले होतो आणि ढोबळेचा ढोबले होतो. रोमन लिपीत गेला की काळे व काले यांत फरकच उरत नाही, आणि एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिले जाते. आपली रीत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी एकसलग; हिंदी नमुन्यात वडिलांचे वा पतीचे नाव वेगळ्या रकान्यात. त्यामुळे मधले नाव कधी गळते, तर कधी तेच आडनाव म्हणून चढते.

स्त्रियांच्या बाबतीत हा घोटाळा सर्वांत अधिक आहे. लग्नात सासरचे आडनाव लागते आणि पुष्कळदा नावही बदलले जाते. माहेरी टपाल कचेरीत उघडलेले खाते एका नावाचे, रेशनकार्ड दुसऱ्या नावाचे, आधारपत्र तिसऱ्या वळणाचे. दोन्ही नावांची स्त्री एकच आहे हे साऱ्या गावास ठाऊक असते. कचेरीस ते कागदाने पटवावे लागते. १९५६ च्या कायद्याने मुलीला हक्क दिला, पण नावाच्या या गुंत्यात तो कित्येकदा अडून राहतो. बेवारस म्हणून नोंदलेल्या पैशाच्या मागे पुष्कळदा अशी एखादी जिवंत, हक्कदार स्त्री असते. ती गरीब असेल तर त्या पैशाची गरज तिला सर्वांत अधिक असते आणि कचेरीच्या खेपा घालण्याची ऐपत सर्वांत कमी.

८. शोधाची रीत

इतिहासाच्या अभ्यासकाने व्यवहाराचे दोन शब्द सांगितले तर ते अस्थानी होऊ नयेत. पहिले काम घरातच करावयाचे आहे. जुनी पेटी, देवघराचा कोनाडा, वहीखाते यांतून पासबुके, विम्याच्या पावत्या, गिरणीचे वा खाणीचे बिल्ले, चलने व न्यायालयाचे आदेश गोळा करून त्यांची एक यादी करावी. प्रत्येक कागदावरील कचेरी, क्रमांक आणि तारीख लिहून ठेवावी.

दुसरे, पैसा कोणत्या जातीचा आहे ते ओळखावे. बँकेची ठेव असेल तर उद्गम व ती बँक. लाभांश वा समभाग असतील तर गुंतवणूकदार निधी. विमा असेल तर महामंडळाची शाखा. कारखान्याचा निर्वाह निधी असेल तर त्याचे प्रादेशिक कार्यालय आणि कोळसा खाणीचा असेल तर त्याची स्वतंत्र संघटना. टपालाची बचत बँक १ एप्रिल १८८२ पासून चालू आहे. तेथे तीन पूर्ण आर्थिक वर्षे व्यवहार झाला नाही की खाते 'मूक' होते, आणि ओळख पटवून ते पुन्हा चालू करता येते. न्यायालयीन वा भूमिसंपादनाची ठेव असेल तर प्रकरण क्रमांक व चलन क्रमांक यांवाचून शोध लागणे कठीण.

तिसरे, हक्काचा पुरावा. नामनिर्देशन असेल तर काम सुकर होते. पण ज्याचे नाव लावले तोच धनी असे नेहमी नसते. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विम्याच्या प्रकरणात म्हटले होते की नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, हक्क मात्र वारसांचा राहतो. नामनिर्देशन नसेल तर १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याखाली वारसा प्रमाणपत्र घ्यावे. हे प्रमाणपत्र एका राज्यात मिळाले तरी साऱ्या भारतात चालते. सीमेच्या अलीकडे राहून पलीकडचे देणे मागणाऱ्या आपल्यासारख्यांना हा मोठाच आधार आहे. टपालाच्या अल्पबचतीत पाच लाखांपर्यंतची रक्कम अशा प्रमाणपत्रावाचून, शपथपत्र व हमीपत्रावर मिळू शकते. नावातील फरकासाठी एकच व्यक्ती असल्याचे शपथपत्र करावे आणि शाळेचा जुना दाखला जोडावा. दावा दाखल करण्यास या निधींकडे शुल्क नाही. रकमेचा हिस्सा मागणाऱ्या मध्यस्थाच्या हाती मूळ कागद देऊ नयेत.

आणि चौथे, पुढच्या पिढीवर ही वेळ येऊ नये म्हणून प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन करून ठेवावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकखात्यावर चार व्यक्तींपर्यंत नावे लावता येतात.

समारोप

श्रोतेहो, विज्ञानेश्वराच्या टीकेपासून रिझर्व्ह बँकेच्या दालनापर्यंतचा हा प्रवास पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. न मागितलेल्या धनाचा आपण मालक आहोत असे शासनाला जेव्हा वाटले, तेव्हा अन्याय झाला. राखणदार आहोत असे वाटले, तेव्हा न्यायाची वाट उघडी राहिली. इंग्लंडमध्ये आजही लँकेस्टर व कॉर्नवॉल येथील निर्वंश माणसांची मिळकत तेथील राजघराण्याच्या डचींकडे जाते. अमेरिकेतील बहुतेक राज्ये मात्र परागंदा पैसा धन्याच्या नावाने सांभाळून ठेवतात. आपला कायदा आज बहुतांशी दुसऱ्या वाटेने चालला आहे. परंतु राखणदार कितीही प्रामाणिक असला तरी खुणा पटविण्याचे काम धन्यालाच करावे लागते. मनूच्या काळी तसे होते, आजही तसेच आहे.

येथे शाळेचा संबंध येतो. माणसाचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख यांची पहिली शुद्ध नोंद आपल्या भागात बहुधा शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात होते. मराठी शाळेच्या त्या रजिस्टरात 'ळ' शाबूत असतो आणि लेकीचे माहेरचे नावही शाबूत असते. जुनी रजिस्टरे वाळवीपासून जपणे, माजी विद्यार्थ्यांनी मागितलेला दाखला तत्परतेने देणे, आणि सुटीच्या दिवशी दोन जाणत्या माजी विद्यार्थ्यांनी गावातील वृद्धांची, विशेषतः विधवांची कागदपत्रे वाचून देणे, एवढे झाले तरी कित्येक परागंदा रकमा घरी येतील. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ अशी व्याख्याने होतात, त्यांनी आयुष्यभर मुलांची नावे नीट लिहिण्याचे काम केले. ते काम पुढे चालविणे आपल्या हाती आहे.